अनुभव धागा: साठीनंतरची पहिली कॅम्परव्हॅन, सोबत कुत्रं, आणि समुद्राजवळचा मुक्काम

पांदणरस्ता
आज शेजारच्या काकांच्या अंगणात ट्रॅव्हलरची कॅम्परव्हॅन येऊन उभी राहिली. नारळ फुटला न फुटला तोच काकांचा प्रश्न, "समुद्रावर कुठी उभी करावं? मोत्याले संग न्यायचं हाय." दाभोळची फेरीबोट झर्रकन डोळ्यापुढं आली, म्हणून हा धागा. काका-काकू साठीपुढचे, गाडी पहिलीच, कुत्रं २५ किलोचं. जाणकारांनी लिहा. गोष्टी कमी, मापं जास्त.

सुरुवात माझ्याकडून. समुद्र किती जवळ हे शेवटी विचारा, आधी जमीन विचारा. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी न्यायचीच नाही. तीन-साडेतीन टनांची गाडी सुक्या वाळूत फसली की चाक फिरवून आणखी खोल जाते. सुरूच्या बनातही फसगत होते. वर काड्यांची गादी, खाली भुसभुशीत वाळू. जांभ्याची टणक जमीन असलेली वाडी बघायची आणि तिथून समुद्रावर पायी जायचं. नारळाखाली तर उभीच करू नका, एक नारळ छतावरच्या सोलर पॅनलचा भुगा करतो.

कपाशीवाला
जागेच्या आधी टायर! आपल्याकडं गाडी सहा महिने गोठ्याजवळ उभी असते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पाच वर्षांवर गेलेला किंवा बाजूनं तडकलेला टायर समृद्धीवर न्यायचा नाही. काँक्रीट तापतं, गाडी भरलेली असते, त्यात हवा कमी असेल तर टायरची कड वाकून वाकून गरम होते आणि फुटते. हवा सकाळी थंड टायरमधी भरा, दारावरच्या पट्टीवर लिहिली तेवढी. १२० ची मर्यादा तुमच्यासाठी नाही, ७०-८० बस. आणि उंदरांनी वायरी कुरतडल्या का तेही पाहून घ्या.

गडग्याआतली
कोकणातून लिहितेय, आमच्याकडे असे पाहुणे येतात. फोनवर "कुत्रा चालेल का" एवढंच विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. हे विचारा: घरचा कुत्रा आहे का, तो मोकळा असतो का? कोंबड्या मोकळ्या फिरतात का? रात्री बेडं, म्हणजे फाटक, लागतं का? आमचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, कमरेएवढे असतात, गावातली कुत्री सहज उडी मारून आत येतात. तुमच्याकडे मादी असेल आणि ती माजावर असेल तर तारीखच बदला.
आणि मुख्य रस्त्यापासून खळ्यापर्यंतचा व्हिडिओ मागवा. पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, तुमची गाडी येणार नाही. एसी धरून गाडीची उंची मोजून ठेवा आणि आडव्या वायरी, फणसाच्या फांद्या किती उंचीवर आहेत ते विचारा.

वऱ्हाडी दर्यावर्दी
खळं म्हंजे आपलं अंगण. काका धान मळायले जातील 😄

तिथीवाला
तारीख ठरवताना पंचांग घ्या. तिथीला पाऊणने गुणा, साधारण भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पावणेचार. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी. नेमकी फिरायच्या वेळेला ओली, टणक, रुंद वाळू मिळते. गुडघे दुखणाऱ्यांना तीच बरी, सुक्या वाळूत पाय रुततो. अष्टमीला उलटं, सहाला भरती. दोन्ही वेळेला अरुंद पट्टी उरते.
पण उधाणाची भरती रात्री बारालाही येते आणि पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. काड्या-शेवाळाची सर्वात वरची रेघ दिसते, तिच्या जवळपास खुर्च्या, चटई काहीच ठेवू नका.

मोत्याची माय
गोचिडाचं औषध निघायच्या आधी, रेबीजचं सर्टिफिकेट सोबत. लेप्टोची लस झाली का तेही पाहा, कोकणात ओल असते. कुत्रं समुद्राचं पाणी पिलं की हगवण लागते, म्हणून पुळणीवर जाताना गोड्या पाण्याची दोन लिटरची बाटली न्या, दर दहा-पंधरा मिनिटांनी पाजा. बॉल नको, त्याला वाळू चिकटते आणि पोटात जाऊन आतडं तुंबतं. परत आल्यावर एक बादली गोडं पाणी: पोट, बोटांमधली जागा, काखा. कान कोरडे करा.
किनाऱ्यावर मेलेला फुगीर मासा दिसला, ज्याला तिकडं केंड म्हणतात, तर दोरी आखूडच धरा. तो विषारी, वाळला तरी विषारीच. माणसाची ब्रुफेन कुत्र्याला कधीच देऊ नये.

कपाशीवाला
@मोत्याची माय, ताई मग तुमचं कुत्रं सुकट खाते का?

मोत्याची माय
खारवलेली नाही देत. मीठ जास्त असते दादा. बिनमिठाचा उकडलेला बांगडा देते, काटे काढून.

फ्यूजवाला
वीज. १६ अँपिअरचा सॉकेट आहे का विचारा. एक टनाचा एसी हजार-बाराशे वॅट ओढतो, साधा प्लग त्यानं वितळतो. वायर तीन तारांची, २.५ चौरस मिमी, २० मीटर, आणि पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळी तशीच ठेवली की तापते. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, गाडीत असलीच पाहिजे. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. गाडीच्या पत्र्याला झणझण लागली तर आधी प्लग काढा, मग बोला. कुत्र्याचे पाय ओले असतात, त्याला आधी शॉक बसतो.
गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. फरशीवर झोपणारा मोत्याच पहिला सापडेल. तळाची जाळी वाळूनं बुजली नाही ना, रोज पाहा.

गडग्याआतली
संडासाचंही सांगते. कॅसेट, म्हणजे गाडीतल्या संडासाची काढता येणारी टाकी, साधारण वीस लिटरची, दोघांना दोन-तीन दिवस. रिकामी करायची ती घराच्या शौचालयात, आधी विचारून, फॉर्मेलिनचं औषध न टाकता. त्याने सेप्टिक टाकीतले जंतू मरतात आणि टाकी तुंबते. वाडीत ओतायची नाही. जांभा सच्छिद्र, घाण झिरपून विहिरीत येते.
बिबट्याही विसरू नका. कुत्रा रात्री बाहेर बांधायचा नाही, गाडीखालीही नाही.

वऱ्हाडी दर्यावर्दी
बापा! वाघाच्या जिल्ह्यातून जाऊन बिबट्याची भेट.

एसटीमागे
घाटाचा साधा नियम, ज्या घाटातून एसटी जाते त्यानंच जा. चढताना जो गिअर लागला तोच उतरताना. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की लायनर तापतात आणि ब्रेक धरत नाही. आधी चिखलदऱ्याच्या घाटात सराव करा. कुत्र्याला घाटाआधी तीन-चार तास खायला नको.
फेरीबोट दिघी-आगरदांडा, वेशवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. पूर्ण ओहोटीला उतार जास्त असतो, लांब गाडीचा मागचा भाग घासतो. भरतीकडची फेरी पकडा. बोटीत हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, गॅसचा कॉक बंद.

विळ्याची धार
थोडं वेगळं. डिसेंबर ते मार्चमध्ये वेळास, आंजर्लेकडे कासवांची घरटी असतात. कुत्रं अंडी उकरतं. तिथं रात्री-पहाटे कुत्रं पुळणीवर नेऊच नका, दोरीनंही नाही.

फ्यूजवाला
आणि काकांना म्हणा, आधी एक रात्र स्वतःच्या शेतात काढा. १०० लिटर पाणी कधी संपतं, पायरी किती उंच पडते, अंधारात स्विच सापडतो का, सगळं कळते. पायरी एक फुटावर असेल तर खाली लाकडी पाट.

पांदणरस्ता
काकांना सगळं वाचून दाखवलं. पंचांग घेऊन बसले आहेत, अष्टमीवर काट मारली. काकू विचारते, ज्वारीचं पीठ किती न्यावं?

गडग्याआतली
आणा दोन किलो जास्त. आमच्याकडे तांदळाचीच भाकरी.

कपाशीवाला
अन् ठेचा?