माणसावर भरवसा नाही म्हणून सरकार, मग सरकारवर भरवसा कोणत्या जोरावर?

नारायणपेठी (धागाकर्ता)

हेल्मेटसक्तीवरून परवा आमच्या कट्ट्यावर बरंच वाजलं. एक बाजू म्हणे, "डोकं आमचं, आम्ही बघू." दुसरी म्हणे, "दंड बसल्याशिवाय पुणेकर ऐकायचा नाही." मला यात हेल्मेटपेक्षा मोठा प्रश्न दिसतो. माणूस मुळात कसा आहे असं आपण धरून चालतो, आणि त्यावरून सरकारच्या हाती किती द्यायचं?

माझं मत असं. माणूस मुळात वाईट नसतो, पण जाब विचारणारं कुणी नसलं की बिघडतो. हे चोराला लागू आहे आणि चोर पकडणाऱ्यालाही. अमेरिकेची राज्यघटना मंजुरीसाठी चर्चेत होती तेव्हा, १७८८ मध्ये, जेम्स मॅडिसनने याच अर्थाचं लिहिलं: माणसं देवदूत असती तर सरकार लागलंच नसतं, आणि देवदूत राज्य करत असते तर सरकारवर अंकुश लागला नसता. त्यानंतर तीनच वर्षांनी आपल्या पुण्यात घाशीराम कोतवालाच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. शहराची राखण करायला नेमलेला माणूस होता तो. आणि त्याला शिक्षा कशी झाली? जमावाने दगडांनी ठेचून मारला. अधिकारी बेलगाम, आणि त्याला आवरणारेही बेलगाम.

दुसरं उदाहरण प्लेगचं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, अवघ्या चार कलमांचा. हेतू जीव वाचवण्याचा, त्याबद्दल माझी शंका नाही. पण चौथ्या कलमात लिहिलं होतं की या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कामाबद्दल कुणावरही दावा चालणार नाही. मग प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत घुसले, देवघरापर्यंत गेले, बायकांची तपासणी झाली, सामानसुमान जाळलं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी गोळ्या झाडल्या. टिळकांना 'केसरी'तल्या मजकुरावरून राजद्रोहाची दीड वर्षांची शिक्षा झाली. रँड गेला, इंग्रज गेले, कायदा राहिला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोविडसाठी तोच बाहेर काढला.

म्हणून मी कुठलाही सक्तीचा कायदा वाचताना एकच गोष्ट बघतो. ज्याच्यावर माझा सगळ्यात कमी विश्वास आहे त्याच्या हाती हा गेला तर काय होईल? एकाने दुसऱ्याला इजा करू नये एवढ्यासाठी सरकार हवं. आपल्याला सुधारण्यासाठी नको.

मुठाकाठची

तुमच्या मांडणीत सरकार दारात येईपर्यंत घरात सगळे मोकळे आहेत. कोण मोकळे? घरातले पुरुष?

प्लेगच्या सहाच वर्षं आधीचं संमतिवयाचं बिल आठवा. १८९१. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं, एवढीच मागणी. त्यामागे कलकत्त्याच्या फुलमणीचा मृत्यू होता. वय दहा-अकरा, आणि मृत्यू नवऱ्याच्या जबरदस्तीने. पुण्यात यावरून सभांवर सभा झाल्या. टिळकांचं म्हणणं होतं की परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये, सुधारणा आम्ही आपखुशीने करू. आगरकर आणि भांडारकर बिलाच्या बाजूने उभे राहिले. तुमची कसोटी त्या दिवशी लावली असती तर तुम्ही म्हणाला असतात, परक्या सरकारवर माझा विश्वास सगळ्यात कमी, तेव्हा हा कायदा नको. आणि ती अकरा वर्षांची मुलगी कुठे गेली असती?

सरकारशिवायही सक्ती किती चालते ते पाहायचं तर पंचहौद मिशनचा चहा बघा. ऑक्टोबर १८९० मध्ये रानडे, टिळक अशी शहरातली मोठी मंडळी मिशनच्या कार्यक्रमाला गेली, समोर चहा-बिस्किटं आली. नावं छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. थेट शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं. सरकारचा एक शिपाईसुद्धा यात नव्हता. तरी हायकोर्टाच्या वाटेवर असलेल्या रानड्यांना शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ज्याच्या नावाला वजन आहे त्याची ही गत, तर जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या साध्या कुटुंबाची काय होत असेल? आपल्या राज्याला त्यासाठी २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. माझ्या मते तो स्वातंत्र्याचा कायदा आहे, जरी त्यात सक्ती असली तरी.

नारायणपेठी

बहिष्काराविरुद्धचा कायदा माझ्या चौकटीत बसतो. एकाने दुसऱ्याचं जगणं मोडू नये, एवढंच तो सांगतो.

पण १८९१ च्या कायद्याने किती मुली वाचल्या? खटले फारसे उभेच राहिले नाहीत, आणि १९२९ मध्ये पुन्हा बालविवाह रोखणारा शारदा कायदा करावा लागला. पुण्यात खरा फरक केला तो हट्टी माणसांनी. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली ती सरकारच्या हुकमावरून नव्हे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, पुढे विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. सक्तीविना इतकं उभं राहिलं. माणसाला मोकळं सोडलं की त्यातून असेही लोक निघतात, हा मनुष्यस्वभावाचा भाग तुम्ही मोजतच नाही.

मुठाकाठची

मोजते. पण जोतीरावांचं नाव घेतलंत तर पूर्ण घ्या. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर त्यांनी निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत *सक्तीचं* करा असं मागितलं. स्वतःच्या हिमतीवर शाळा काढलेला माणूस चौतीस वर्षांनी सरकारकडे सक्ती मागतो. का? त्यांना कळलं होतं की शेतकऱ्याचं पोर गुरांमागेच जाणार आणि मुलगी चुलीपाशीच बसणार, कारण घरच्यांना ते सोयीचं आहे. १९११ मध्ये गोखल्यांनी तेच विधेयक कायदे कौन्सिलात मांडलं आणि पुढच्या वर्षी ते पडलं. त्यानंतर जी पिढी निरक्षर राहिली, तिला तुम्ही मोकळी म्हणाल?

हडपसर गाडीतळ

दोघंही इतिहासात छान फिरलात, जरा रस्त्यावर या.

रात्री साडेअकरानंतर कुठल्याही मोठ्या चौकात उभं राहा. लाल दिवा आहे, पोलीस नाही. पहिली गाडी थांबते. मागची हॉर्न वाजवते. मग दुसरी बाजूने निघते, आणि ती गेली की पहिलीही जाते. त्या पहिल्याला नियम मोडायचा नव्हता. तो मोडला नाही तर आपण एकटेच खुळे ठरू असं त्याला वाटलं, म्हणून त्याने मोडला. माझ्या बघण्यात मनुष्यस्वभाव म्हणजे मुख्यतः हे. माणूस दुष्ट नाही, तो शेजारच्याकडे बघून वागतो. बाकीचेही पाळणार अशी खात्री कुणीतरी द्यावी लागते. सरकारचं पहिलं काम ते.

आणि स्वातंत्र्य गाडीवाल्याचंच का धरता? संध्याकाळी सोलापूर रोडला फुटपाथवर दुचाक्या चढतात. पिशवी घेऊन चालणाऱ्या म्हातारीला तिथून सुखरूप जाता येणं, हे तिचं स्वातंत्र्य आहे, आणि ते दंडाच्या पावतीशिवाय तिला मिळत नाही. हेल्मेटचंही तसंच. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ आजचं नाही, १९८८ चं आहे. २०१९ च्या दुरुस्तीत दंड हजार रुपये झाला. त्या वर्षी जानेवारीत पुण्यात कारवाई सुरू झाली तर विरोधात मोर्चा निघाला. "डोकं माझं" म्हणणाऱ्याचं डोकं फुटल्यावर रक्त शोधत धावतो तो भाऊ, आणि नोकरी सोडून उशाशी बसते ती बायको. आपल्याकडे डोकं एकट्याचं नसतं.

पर्वती पायथा

माझं वय पंचाहत्तरच्या पुढे. आणीबाणी पाहिलेल्या माणसाला हा विषय पुस्तकी वाटत नाही. येरवड्याच्या तुरुंगात मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबण्याच्या कायद्याखाली, माणसं होती. त्यांच्या घरी दिवाळीला जायलाही लोक कचरायचे. सरकारने तसा हुकूम काढला नव्हता, लोक आपणहून गप्प झाले. हडपसरकर म्हणतात तो स्वभाव, शेजारच्याकडे बघून वागण्याचा, तेव्हा सरकारच्याच उपयोगी पडला. हे लक्षात ठेवा.

मला एका फरकाबद्दल सांगायचं आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा दोष रामशास्त्र्यांनी १७७३ मध्ये राघोबादादांच्या तोंडावर ठेवला. पुण्यात आपण हे लहानपणापासून अभिमानाने ऐकतो. पण पुढे काय झालं? शास्त्रीबुवांना पद सोडून शहराबाहेर जावं लागलं. राघोबाला घालवला तो बारभाईंच्या कारस्थानाने. न्यायाधीशाच्या निकालाने तो गादीवरून उतरला नाही.

आता एप्रिल १९७६. सर्वोच्च न्यायालयात पाचांपैकी चार न्यायमूर्ती म्हणाले की आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. एकटे हंसराज खन्ना विरोधात गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं, त्यांनी राजीनामा दिला. इथवर गोष्ट रामशास्त्र्यांचीच आहे. फरक नंतरचा. लोकांनी मार्चमध्ये मतपेटीतून सरकार बदललं, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ठरवलं की जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, आणि २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढच्या खासगीपणाच्या खटल्यात १९७६ चा निकाल चूक म्हणून पुसला गेला. खन्नांचं म्हणणं नियम झालं. रामशास्त्र्यांचं म्हणणं आठवण म्हणून राहिलं.

तेव्हा सरकार जास्त की कमी, या वादात मला रस उरलेला नाही. चांगला माणूस एकटा पडला तर त्याचं म्हणणं कायद्यात उतरायला वाट आहे का, हे बघा. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत सांगितलं होतं की संवैधानिक नीती उपजत नसते, ती अंगी बाणवावी लागते. सहा पिढ्या तरी लागतील असं मला वाटतं.

वाकड भाडेकरू

मला मात्र दिल्लीचं सरकार फारसं भेटत नाही. मला भेटते ती सोसायटीची कमिटी.

मी नोकरीसाठी लातूरहून आले, आम्ही तिघी मैत्रिणी एका फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. नियम असा की रात्री दहानंतर पुरुष पाहुणा नको, भाऊ असला तरी आधार कार्ड दाखवून रजिस्टरमध्ये सही. कुटुंबांना हा नियम नाही. गेल्या वर्षी माझे वडील रात्रीच्या गाडीने आले, त्यांना गेटवर पाऊण तास बसवलं. साठ वर्षांचा माणूस, हातात दशम्यांचा डबा. सेक्रेटरी काका एरवी प्रेमळ आहेत, मी आजारी असताना काकूंनी मऊ भात पाठवला होता. तेच काका लेटरहेडवर सही करताना वेगळे होतात.

नारायणपेठीकाका, तुमच्या हिशेबात हे सरकार नाही, लोकांनी आपखुशीने केलेली संस्था आहे. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने तर सहकारी संस्था स्थापन करणं मूलभूत हक्कात घातलं. मालकांनी त्यांचं स्वातंत्र्य वापरून माझ्यावर नियम लावला. सभासद तक्रार घेऊन सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जाऊ शकतो. मी सभासद नाही, मला मत नाही, सर्वसाधारण सभेत बसायला खुर्ची नाही. पर्वतीकाका म्हणतात ती वाट माझ्यासाठी कुठून सुरू होते?

नारायणपेठी

तुमच्या वडिलांना बसवून ठेवलं हे वाचून वाईट वाटलं. जिथे तुमच्यावर सत्ता चालते आणि तुम्हाला मत नाही, तिथे मी त्या सत्तेला आपखुशीची संस्था म्हणणार नाही. भाडेकरूला उपनिबंधकाकडे थेट तक्रारीचा हक्क कायद्याने द्यावा, त्याला माझा पाठिंबा आहे.

पण माझा मूळ आग्रह मी सोडत नाही. प्रत्येक सक्तीच्या कायद्यात दोन गोष्टी लिहिलेल्या हव्यात. तो राबवणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा करता यावा, आणि ठरावीक वर्षांनी विधानसभेने नव्याने मंजूर केला नाही तर तो आपोआप संपावा. १८९७ च्या कायद्यात या दोन्ही गोष्टी असत्या तर तो सव्वाशे वर्षं टिकला नसता.

हडपसर गाडीतळ

पहिली अट मान्य. दुसरीत घोटाळा आहे.

बहिष्काराचा कायदा दहा वर्षांनी आपोआप संपणार असं धरा. नव्याने मंजूर करायला कोण उभं राहील? वाळीत टाकलेली कुटुंबं गावोगाव एकेकटी आहेत, त्यांचा मतदारसंघ नाही. जातपंचायतीचे पंच मात्र प्रत्येक उमेदवाराच्या ओळखीचे. वाकडच्या ताईंच्या भाडेकरू हक्काचंही तेच, त्यांचं नाव तर मतदारयादीत लातूरला असेल. जोरदारांना आवरणारा कायदा मुदत संपताच जाईल आणि जोरदारांच्या सोयीचा दर वेळी बिनविरोध मंजूर होईल. यावर तुमच्याकडे काय तोड आहे ते सांगा, मग पुढे बोलू.