कुंडीच्या तळाचा निळा पक्षी: जुन्या वस्तू, झाडं, हातकाम… तुमचेही अनुभव सांगा

खुरपीवाली
आज सकाळी मेलेली शेवंती उपटली. पार काटकी झाली होती, तरी महिनाभर मी तिला पाणी घालत होते, लाजेकाजेस्तव. कुंडी उलटी करून ठोकली तर मातीचा गड्डा सुटला आणि तळाच्या भोकावरची खापरी घरंगळत बाहेर आली. धुतली. पांढऱ्यावर निळा पक्षी. पंख पसरलेले, शेपटीपाशी फुटलेला.

तिथेच बसले मग नळ चालू ठेवून. ही आजीची बशी. आजीने उभ्या आयुष्यात नवी कपबशी घेतली नाही. जुन्या बाजारातून एकेक जमवायची, कप एकीकडचा, बशी भलतीकडची. मला बरोबर न्यायची. वस्तू उजेडात धरायची, मग नखाने टिचकी. खणखणीत वाजली तर धड, बद्द वाजली तर कुठेतरी तडा. गंमत म्हणजे खणखणीत वाजलेली बशीसुद्धा ती "बद्द वाजतेय हो" म्हणून खाली ठेवायची आणि चालायला लागायची. मागून हाक यायचीच. मला फार लाज वाटायची तेव्हा.

ही बशी माझ्या हातून फुटली, मी नऊ वर्षांची असेन. वाटलं आता धपाटा. तिने तुकडे वेचले आणि दुपारी कुंड्यांच्या तळाला घातले. "आता परत फुटायची नाही," एवढंच म्हणाली. त्या कुंड्या आईकडे गेल्या, आईकडून माझ्याकडे आल्या. वरवरची माती बदलत राहिलो, तळाला कोणी हात घातला नाही.

तुमच्याकडेही असं काही असेल ना? घासाघीस करून आणलेलं, शिवलेलं, विणलेलं, जगवलेलं, मारलेलं. घरच्यांनी नाक मुरडलेलं तर नक्कीच. लिहा, विस्कळीत असलं तरी चालेल.

दोनसुया
आई गं. डोळ्यांत पाणी आलं. सावकाश लिहिते, टाके मोजतेय, ८४ वर आहे.

गंजकाखिळा
आजींना नमस्कार. टिचकी मारणारी माणसं आता राहिली नाहीत, सगळे फोटो काढतात.

माझ्या खिशात कायम लोहचुंबक असतो. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला म्हणजे आत लोखंड आणि वर पितळेचं पाणी. एकदा एक मोठा जुना कडीकोयंडा दिसला, विक्रेता म्हणाला अस्सल भरीव पितळ. मी चुंबक लावला. टपकन चिकटला. तो शांतपणे म्हणाला, "चुंबकच खोटा आहे तुमचा." तरी घेतला मी तो. आकार आवडला होता. बायको अजून विचारते की कडी कुठल्या दाराला लावणार. दार बघतोय, मिळालं की सांगतो.

मुळापासून
भावना समजतात, पण एक सांगायलाच हवं. भोकावर एक खापरी ठेवली, माती वाहून जाऊ नये म्हणून, तर ठीक. बरेच जण तळाला खापऱ्या-खड्यांचा जाड थर देतात निचरा व्हावा म्हणून, त्याने उलट होतं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खड्यांत आपणहून उतरत नाही. माती चिंब होईस्तोवर ते वरच अडून राहतं. म्हणजे जो ओला पट्टा कुंडीच्या अगदी तळाशी राहिला असता तो थराच्या उंचीएवढा वर सरकतो, थेट मुळांत. निचरा हवा तर मातीच भुसभुशीत करा.

शेवंती बहुतेक पाण्यानेच गेली.

खुरपीवाली
@मुळापासून म्हणजे आजीनेच मारली का माझी शेवंती??

मुळापासून
नाही. तुम्ही. महिनाभर पाणी कोण घालत होतं?

गंजकाखिळा
😂😂

कोरफड
मारण्यावरून आठवलं. मी मनीप्लांटचं एक पान बाटलीत ठेवलं होतं. नुसतं पान, देठासकट. आठ महिने. मुळं आली भरघोस, पान हिरवंगार, मी रोज कौतुकाने बघतेय आणि नवीन पान काही येईना. शेवटी शेजारच्या काकूंनी सांगितलं, अगं त्याला पेरच नाही, फुटणार कुठून? खोडाचा पेर असलेला तुकडा लागतो. आठ महिने मी एका पानाची सेवा केली. टाकवत नाही आता, अजून आहे.

दोनसुया
आले. कोरफड, टाकू नकोस 😄

माझं वेड म्हणजे जुने लोकरीचे स्वेटर उसवणे. कोणीतरी टाकलेले, ढिगात पडलेले, रंग भयंकर पण लोकर मऊ. उसवायची, नवं विणायचं. पहिल्या वेळी जाम फसले. मोठ्या हौसेने बगलेची शिवण उघडली आणि दोऱ्याचे तुकडेच तुकडे, प्रत्येक ओळ वेगळी! तो स्वेटर विणलेल्या कापडातून कापून ओव्हरलॉक केलेला होता. तेव्हापासून आधी आतून शिवण बघते. कड कापलेली आणि दोऱ्याने गुंडाळलेली दिसली की खाली ठेवायचा. भाग वेगवेगळे विणून टाक्याला टाका जोडलेला असेल तरच सलग दोरा निघतो.

लोकर खरी की खोटी ते बघायला एक धागा जाळून पाहते (चिमट्यात धरून, हातात नको). केस जळाल्यासारखा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला की कृत्रिम. कागद जळाल्यासारखा वास आला तर सुती.

उसवलेली लोकर शेवयांसारखी वळलेली असते. लडी करून कोमट पाण्यात भिजवायची, खाली हलकं वजन अडकवून वाळत टाकायची, सरळ होते. आमच्या न्हाणीघरात कायम काहीतरी लटकत असतं. नवऱ्याने एकदा अंधारात किंकाळी फोडली होती.

अर्धवटस्वेटर
@दोनसुया कसर लागलेली असली तर? मला एक मिळालाय सुंदर, पण बारीक भोकं आहेत. घरात आणायची भीती वाटते.

दोनसुया
भोकं पतंग पाडत नाहीत, त्यांच्या अळ्या पाडतात. उडताना दिसतो तो पतंग काही खात नाही. पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेव, उणे १८ अंशाला, मग धुवून टाक. तोपर्यंत बाकीच्या कपड्यांत नको हं.

अर्धवटस्वेटर
दोन आठवडे!! फ्रीझर उघडल्यावर घरचे काय म्हणतील

दोनसुया
सवय होते त्यांना.

काळीमशीन
घाईत लिहितेय. मशीन. हाताने फिरवायची, काळी, सोनेरी वेलबुट्टी निम्मी उडालेली. भंगाराच्या गाडीवर उलटी पडली होती. मी गाडी थांबवली. चाक फिरतच नव्हतं म्हणून जवळपास फुकट मिळाली.

घरी आणून बघितलं तर कोणीतरी वर्षानुवर्षं खाण्याचं तेल घातलेलं. ते सुकून वार्निशसारखं घट्ट बसतं. मशीनला मशीनचंच पातळ तेल घालायचं. रोज थोडं रॉकेल सोडायचं, सांधे पुसायचे, चाक जरा हलवून बघायचं. जोर करायचा नाही. अठराव्या दिवशी रात्री चाक अर्धा वेढा फिरलं आणि सुई वर आली. मी एवढ्या जोरात ओरडले की मुलगा धावत आला, त्याला वाटलं बोट शिवलं.

सिंगरची आहे. यांच्या मशीनवर नंबर असतो त्यावरून वय काढता येतं. नुसते आकडे असतील तर १९०० च्या आधीची, पुढे इंग्रजी अक्षर असेल तर नंतरची. माझ्या नंबराला अक्षर आहे. घेण्याआधी सुई मात्र विचारून घ्या. बऱ्याच जुन्या मशीनींना आजची साधी सुई चालते, पण काहींना भलतीच लागते आणि ती शोधून शोधून मिळत नाही. मग ती शोभेची.

कोरफड
मला सुईत दोरा ओवता येत नाही आता. चष्मा लावला तरी.

काळीमशीन
दोरा थुंकीने ओला करतेस ना? दोरा नको, सुईचं नेढं ओलं कर. आणि दोरा तिरका काप.

कोरफड
चाळीस वर्षं उलटं करतेय मी??

कोरफड
अगं जमलं!!!! पहिल्या फटक्यात

मुकाटनवरा
बायको इथे वाचते, पण हरकत नाही. आमच्या घरात खुर्च्या सात. बसायला पलंग. कारण प्रत्येक खुर्ची "होणार आहे". एकीचा वेत विणायचा आहे, एकीचा पाय यायचा आहे, दोघींना रंग. वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजत घालाव्या लागतात, मगच वळतात, त्यामुळे बादलीही अडकलेली. सध्या माझ्याकडे जुना हिरवा रंग सँडपेपरने घासायचं काम दिलंय. खाली अजून तीन रंग निघाले. निळा, पिवळा, परत हिरवा.

गंजकाखिळा
@मुकाटनवरा थांबा! कोरडं घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगात ते १९७८ मध्ये बंद झालं, काही देशांत त्याहून बरंच उशिरा. पोटातल्या थरांचं वय कोणाला माहीत? ती धूळ श्वासातून आणि हाताला लागून पोटात जाते, लहान मुलांना फारच वाईट. आधी तपासून घ्या. शिसं निघालं तर खरवडूच नका, रंग धड असेल तर त्यावरच नवा हात द्या. आतापर्यंत पडलेली धूळ ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका.

मुकाटनवरा
म्हणजे मला काम बंद करायला वैद्यकीय कारण मिळालं? दादा, तुमचे उपकार फेडू शकत नाही.

घडीमोड
मी सहसा लिहीत नाही. आई गेल्यावर तिची गोधडी माझ्याकडे आली. कडा फाटल्या म्हणून दुरुस्तीला उसवली. आत आणखी एक गोधडी निघाली, त्याहून जुनी, तिच्यावरच नवं कापड घालून शिवलेली. त्या आतल्या थरात बाबांच्या शर्टाचा पुढचा भाग, खिशासकट. खिशाला बटण लावलेलं. इतकी वर्षं आम्ही तो खिसा अंगावर घेऊन झोपत होतो.

बटण काढलं. रिकामा होता. परत लावलं आणि होतं तसं शिवून टाकलं. माझे टाके मोठे आलेत, तिचे तांदळाएवढे होते.

खुरपीवाली
🙏

दोनसुया
मोठे असू देत गं. कोणाचे कुठले ते पुढच्यांना कळेल.

काळीमशीन
काय लिहावं कळत नाही. परत परत वाचलं.

बशीवेडी
उशिरा आले. खुरपीवाली, त्या तुकड्यावर अजून काय दिसतंय? झुकलेलं झाड, पूल, पुलावर तीन माणसं, असं काही? असेल तर ती विलो नक्षी. बघितल्यावर सगळ्यांना चिनी वाटते, पण ही नक्षी तयार झाली इंग्लंडमध्ये, अठराव्या शतकाच्या शेवटी. चिनी भांड्यांवरून उचललेली. दोन प्रेमिकांचे पक्षी झाले अशी एक गोष्ट सांगतात, तीही तिकडेच नंतर रचलेली. आधी बशी, मग गोष्ट!

हाताने रंगवलेली नसते. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापायची आणि तो ओला कागद भांड्यावर चिकटवून रंग उतरवायचा. म्हणून काठावर कुठेतरी नक्षीचे सांधे जुळलेले नसतात, बघ नीट.

आणि मुख्य म्हणजे त्यात पक्षी सहसा दोन असतात. समोरासमोर.

खुरपीवाली
@बशीवेडी दोन?? तुकडा एवढासाच आहे, पूलबिल नाही. पण काठाची जाळी दिसतेय आणि एका जागी खरंच जुळलेली नाही, चौकटी एकमेकींवर चढल्यात! मला इतकी वर्षं वाटायचं आजीला फसवून खराब माल दिला.

आईला फोन केला. ती म्हणाली कुंड्या तीन होत्या. शेवंती, जास्वंद, गुलाब.

जास्वंदीवाला
जास्वंद उपटणार असाल तर पानामागे पांढरा कापूस आहे का बघा, पिठ्या ढेकूण. माझ्याकडे आलाय. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टिपतोय, साबणाचं पाणी फवारतोय, जातच नाही मेला. कोणाला उपाय माहीत आहे का

मुळापासून
चिकाटी. दर आठवड्याला परत करा, अंडी राहतात. आणि मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्या त्याला सांभाळतात, गोड चिकटा मिळतो त्यांना.

जास्वंदीवाला
मुंग्या आहेतच!! धन्यवाद

खुरपीवाली
जास्वंद काढली (ढेकूण नाही). तळाला बशीचं बूड निघालं, त्यावर एक निळी होडी आणि अर्धा पूल. पुलावर एकच माणूस शिल्लक. पक्षी नाही.

गुलाबाची कुंडी राहिली. पण त्याला कळ्या आहेत, सहा.

मुळापासून
कळ्या असताना मुळं हलवू नका.

खुरपीवाली
नाही हलवत. म्हणून तर बसलेय बघत.

बशीवेडी
बहर संपला की आधी मला सांग हं!

दोनसुया
बायांनो, ८४ नव्हते. ८३ च होते. उसवतेय.