१९७८ची एमजीबी: पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे एकदमच चढलेत

रबरबंपर७८ (कॉव्हेंट्री)

मंडळी, डोकं चालेनासं झालंय. गाडी १९७८ची एमजीबी रोडस्टर, अ‍ॅबिंग्डनची, रबर बंपरवाली. माझ्याकडे तिसरं वर्ष.

गेल्या शनिवारी लेस्टरला मित्राकडे आरतीला निघालो होतो. एम६९ मोटरवेवर गाडीने दोन आचके दिले आणि गप्प. पेट्रोलचा काटा पावाच्या चांगला वर, म्हणून टाकीची शंकासुद्धा आली नाही. बायको मोदकांचा डबा छातीशी धरून कठड्यापलीकडे उभी, आणि मी बॉनेट उघडून दोन्ही एसयू कार्ब्युरेटरकडे बघतोय, जसं काही तेच आता बोलणार आहेत. मदतवाला आला, पाच लिटर ओतलं, गाडी चालू! "तुमची टाकी कोरडी होती" असं त्याने इतक्या सभ्यपणे सांगितलं की जास्तच लागलं.

पुढे पंपावर टाकी फुल केली, तर काटा 'एफ' ओलांडून थेट टोकाला जाऊन टेकला.

तापमानाच्या काट्याची कटकट तर एप्रिलपासूनची. दहा मिनिटांत 'एच'. पण इंजिन तापत नाही. थर्मोस्टॅटच्या डब्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून पाहिला, ८४ अंश. थर्मोस्टॅट ८२चा आहे, म्हणजे चोख. तरी तापमानाचा सेंडर, म्हणजे मीटरला माप पाठवणारा भाग, नवा आणून लावला. काडीचा फरक नाही.

बाकी गाडीला हात लावलेला नाही. हिवाळ्यात काचेच्या खालून पाणी झिरपायचं, म्हणून डॅश काढून मागचा पत्रा घासून रंगवला होता, तेवढंच. आता टाकीतला सेंडर मागवू का?

घाटातला_ड्रायव्हर (पुणे)

मागवा. माझ्या जुन्या गाडीत फ्लोटला भोक पडून आत पेट्रोल शिरलं होतं, मीटर काहीच्या काही दाखवायचं. सेंडर बदलला, विषय संपला.

स्पिटफायरकाका (रेडिंग)

थांबा हो, खिशात हात घालू नका. फ्लोट बुडाला तर काटा खाली येतो. यांचा वर चढलाय. आणि टाकीतल्या फ्लोटला इंजिनचं तापमान कसं कळणार? दोन काटे एकाच वेळी, एकाच बाजूला खोटं बोलतात तेव्हा दोघांच्या सामाईक ठिकाणी बघायचं. दोघांचा शिधा एकाच घरातून येतो: व्होल्टेज स्टॅबिलायझर. डॅशमागे काड्यापेटीएवढी पत्र्याची डबी असते, तीच ती.

हे स्मिथ्स कंपनीचे मीटर म्हणजे आत एक द्विधातूची (दोन धातू चिकटवलेली) पट्टी आणि तिच्यावर गुंडाळलेली बारीक तार. करंट गेला की तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. म्हणून तो असा झोपेतून उठल्यासारखा हळूहळू वर येतो. आता बॅटरीचं व्होल्टेज १२ ते १४ असं हलत राहणार, त्यावर अशी पट्टी सोडली तर हेडलाइट लावले की पेट्रोल कमी दिसेल. म्हणून स्टॅबिलायझर सरासरी १० व्होल्ट देतो. तोही तसाच गावठी: आत द्विधातूची पट्टी, तापली की कॉन्टॅक्ट सुटतो, निवली की जुळतो. टकटक, टकटक. मीटर इतके सुस्त की त्यांना ती टकटक कळतच नाही.

आता मेख. स्टॅबिलायझरची पट्टी तापवणारी तार आपला अर्थ, म्हणजे करंटची परतीची वाट, डबीच्या अंगातून, म्हणजे बॉडीकडून घेते. अर्थ तुटला की तार तापत नाही, कॉन्टॅक्ट सुटत नाही, आणि बॅटरीचं सगळं व्होल्टेज मीटरवर. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. १० ऐवजी १४ आले तर जवळजवळ दुप्पट. रिकाम्या टाकीला पाव का दिसला, ते बघा.

तुम्ही पत्रा रंगवलात म्हणता. ती डबी परत कशी बसवलीत?

इग्निशन चालू करून डबीच्या 'बी' टर्मिनलवर मल्टिमीटर लावा, हिरवी वायर, तिथे बॅटरीएवढं आलं पाहिजे. मग 'आय'वर, फिकट हिरव्या वायरीवर. तिथे आकडा ये-जा करायला हवा. ठाम १२ दिसले तर चोर सापडला. आणि हे होईपर्यंत गाडी फार चालवू नका, मीटरच्या तारा फुकट भाजतील.

रबरबंपर७८

काका, दंडवत. आणि मला दोन चापट्या.

पायांच्या जागेत उताणा झोपून, तोंडात टॉर्च धरून बघितलं. 'बी'वर १२.४. 'आय'वर १२.३, आणि तो आकडा दोन मिनिटं जागचा हलला नाही. डबी ते बॉडी ओहम बघितले: जोडच नाही!

कारण ऐका. गंजामुळे स्क्रूचं भोक मोठं झालं होतं. मी हुशारी करून त्यात भिंतीत घालतात तो प्लॅस्टिकचा प्लग घातला आणि त्यात स्क्रू आवळला. वर काळ्या रंगाचे दोन हात. म्हणजे डबी गाडीच्या पत्र्याला कुठेच टेकलेली नव्हती.

सोल्डरवाला (नाशिक)

तसंही ती जुनी डबी फेका. आतली पट्टी काढा, ७८१० रेग्युलेटर बसवा, दोन कपॅसिटर लावा. ठाम १० व्होल्ट, टकटक नाही. गाडी निगेटिव्ह अर्थची आहे, त्यामुळे रेग्युलेटरचा धातूचा पाठीमागचा भाग सरळ डबीला स्क्रूने बसतो.

स्पिटफायरकाका

बसतो, आणि चालतो. पण त्यालाही अर्थ लागतोच हो! त्या प्लगमध्ये बसवला असता तर तोही बोंबलला असता. शिवाय इंजिन बंद असताना बॅटरी १२च्या खाली गेली तर ७८१०ला पुढे १० देणं जड जातं. आधी आहे ती डबी नीट बसवा. 'टॉप' लिहिलेली बाजू वर ठेवा, ते शोभेसाठी नाही.

रबरबंपर७८

झालं. प्लग उपटला, पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, जाड स्क्रू घातला. भरवसा नको म्हणून डबीच्या कानाखालून एक वेगळी काळी वायर काढून दुसऱ्या बोल्टवर घेतली. इग्निशन चालू केल्यावर पहिले काही सेकंद 'आय'वर १२ दिसले, माझा जीव वर-खाली, आणि मग आकडा पडला. परत आला. परत पडला.

तापमानाचा काटा आता मधोमध. पेट्रोल पाऊण दाखवतोय, आणि परवा भरल्यापासून जेवढी चालवली त्या हिशेबाने ते बरोबर बसतं. नवा तापमान सेंडर फुकट गेला, तो कपाटात.

बायको म्हणते, पुढच्या वर्षीच्या आरतीला ट्रेनने जाऊ. मी म्हटलं, डिकीत पाच लिटरचा कॅन ठेवतो. तिचं म्हणणं, मोदक तिथे ठेवायचे असतात.