मदत हवी: उजव्या हेडलाइटचा बल्ब टिकतच नाही, डावा ठणठणीत

मंडळी, गाडीच्या उजव्या हेडलाइटचा बल्ब सारखा उडतोय. डावीकडचा कंपनीने बसवलेला मूळचाच आहे, त्याला काही धाड भरलेली नाही. साधा एच४ हॅलोजन (हाय आणि लो बीमच्या दोन्ही तारा एकाच बल्बात), १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. आधी लो बीम जातो. मग हाय लावून बघावं, तर तोही क्षणभर लख्ख पेटून बंद!

गॅरेजवाला म्हणतो अल्टरनेटर (इंजिनावर चालून वीज बनवणारा भाग) बदला. मल्टिमीटर लावून पाहिला: इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट, चालू असताना १४.२, रेस केल्यावर १४.४. हे जास्त आहे का? आणि व्होल्टेजच वाढत असेल तर डाव्याला सूट कशी?

भटक्या_चाक: आकडे झकास आहेत, अल्टरनेटरला हात लावू नका. व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर गेला असता तर काटा १५ च्या वर दिसला असता आणि डावाही उडाला असता. उडालेला बल्ब ठेवलाय का? काच कशी दिसते? आतून काळी-चंदेरी असेल तर तार झिजलीय. काच स्वच्छ आणि तार तुटून लोंबत असेल तर हादरे, म्हणजे होल्डर किंवा क्लिप ढिली.

धागाकर्ता: दोन्ही नाही. आतून पांढरट-पिवळसर धूर बसल्यासारखं दिसतंय, बुडाशी जरा जास्त.

रात्रपाळी: ९०/१०० वॅटचा टाका, जाड तार असते, वर्षानुवर्षं चालेल.

भटक्या_चाक: कृपा करून असलं काही करू नका, होल्डर वितळेल. पांढरा धूर म्हणजे बल्बच्या आत हवा शिरली. तापलेली टंगस्टनची तार हवेत लगेच जळते, म्हणून तर हाय बीमही क्षणात गेला. आता हवा शिरली कुठून ते शोधा. तापलेल्या काचेवर पाणी पडलं की बारीक तडा जातो. बसवताना बोटाचं तेल काचेला लागलं तर तेवढीच जागा जास्त तापते, तेही एक कारण. (गॅरेजात ग्रीसच्या हातानेच बसवतात, सांगून उपयोग नाही.) हेडलाइटच्या मागचं रबरी बूट (पाणी आत जाऊ न देणारं झाकण) काढून बघा.

धागाकर्ता: बघितलं. बूट खालच्या कडेला फाटलंय, रिफ्लेक्टरवर पाण्याचा ओघळ वाळलेला दिसतो. शिवाय कनेक्टरची एक पिन तपकिरी पडलीय, भोवतीचं प्लास्टिकही किंचित फुगलंय. दोन्ही बदलू की नुसतं बूट?

भटक्या_चाक: दोन्ही. ढिल्या पिनेवर उष्णता साठते आणि बल्बचं बूडही भाजून निघतं, सील जाण्याचं तेही कारण असू शकतं. फुगलेला कनेक्टर घासूनपुसून परत लावू नका, सिरॅमिकचा मिळाला तर उत्तम. नवा बल्ब कागदात धरून बसवा. मग इंजिन चालू ठेवून, लो बीम लावून बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरकाने कमी भरलं, तर त्या बाजूची अर्थची (अर्थिंगची) तार बॉडीला जिथे बोल्टने बसवलीय तिथला गंज काढा.