चालू प्रोग्रामला जीडीबी (चुका शोधायचं साधन) जोडला की सगळे थ्रेड एकदम थांबतात का?

प्रश्न (रावेर):
केळीच्या वजनकाट्यासाठी मी लिनक्सवर प्रोग्राम लिहिलाय. तीन थ्रेड (एकाच प्रोग्रामात सोबत चालणारी कामं) आहेत: एक वजन वाचतो, एक नोंद करतो, एक पावती छापतो. कधीतरी पावतीच अडकते, बाहेर ट्रकांची रांग लागते. बंद करून चालू केला की पुरावाच जातो. जीडीबी जोडायला गेलो तर परवानगी नाकारली.

भुसावळहून:
भाऊ, उबंटूत यामा या सुरक्षा-भागाचं पीट्रेस-स्कोप 1 असतं, म्हणून जीडीबीला फक्त त्याने स्वतः सुरू केलेल्या प्रोग्रामला जोडता येतं. सुडोने, म्हणजे रूटच्या अधिकाराने जोडा.
आणि नाही, एकदम नाही थांबत. पीट्रेस, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला धरायची लिनक्सची सोय, एका वेळी एकाच थ्रेडला धरतो. जीडीबी प्रॉक फोल्डरमधली टास्कची, म्हणजे थ्रेडची यादी वाचतो, एकेकाला धरतो, मग यादी पुन्हा वाचतो, कारण तेवढ्यात नवा थ्रेड जन्मलेला असू शकतो. सगळे थांबले की ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ द्या, म्हणजे प्रत्येक थ्रेड कुठे थांबलाय ते दिसतं. दोन थ्रेड म्युटेक्सवर (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं कुलूप) अडकलेले दिसले तर त्या म्युटेक्सचा ओनर छापून बघा. कुलूप कोणाकडे आहे ते थ्रेडच्या नंबरासकट कळतं.

धुळ्याहून:
एक जपा. ‘नेक्स्ट’ (एक ओळ पुढे) दिलं की बाकीचे थ्रेडही पळतात. नको असेल तर जीडीबीचं शेड्युलर-लॉकिंग ‘स्टेप’वर ठेवा. काम झालं की ‘डिटॅच’ (प्रोग्राम सोडून देणं) द्या, ‘किल’ (प्रोग्राम मारणं) नव्हे. काटा चालू राहिला पाहिजे.

प्रश्नकर्ता:
सापडलं! नोंदवाला आणि पावतीवाला दोन कुलुपं उलट्या क्रमाने घेत होते, म्हणून एकमेकांची वाट बघत अडकायचे. क्रम सारखा केला. आज दुपारपर्यंत एकही पावती अडकली नाही. मनापासून आभार, भाऊ.