सँडविचसाठी लसणाचा सॉस: अंडं नको, साध्या मिक्सरमध्ये होईल का?

राजारामपुरीकर
सँडविचला लावायला लसणाचा पांढरा, दाट सॉस घरी करायचाय. घरात अंडं चालत नाही आणि हँड ब्लेंडर नाही, साधा मिक्सर आहे. दूध-तेलाचं नेमकं प्रमाण काय? मधेच तेल सुटून पाणी होतं ते कशामुळं? कच्च्या लसणाचा झोंबरेपणा कसा घालवायचा? आणि कोल्हापूरच्या उन्हाळ्यात टिकतो किती दिवस?

तांबडापांढरा
होतो की. दुधाच्या दुप्पट तेल, एवढं लक्षात ठेवा. घरापुरतं: ६० मिली दूध, १२० मिली तेल, ४ मध्यम पाकळ्या, पाव छोटा चमचा मीठ, तेवढीच मोहरीची पूड, चिमूटभर साखर आणि शेवटी दीड छोटा चमचा लिंबाचा रस. दहा-बारा सँडविचना पुरतं.

दूध फुल क्रीम, उकळून गार केलेलं, साय काढून (सायीच्या गुठळ्या राहतात). दूध आणि तेल दोन्ही तासभर फ्रिजमध्ये ठेवा. तेल सूर्यफुलाचं रिफाइंड घ्या. घाण्याचं शेंगतेल चटणीला भारी, पण इथं शेंगदाण्याचाच वास पुढं येतो.

मोठं भांडं घेऊ नका, एवढंसं दूध पात्याखालीच राहतं. चटणीच्या भांड्यात तेल आणि लिंबू सोडून सगळं घालून एकदा फिरवा. मग तेल: पहिले तीन-चार वेळा एकेक छोटा चमचा, नंतर एकेक मोठा चमचा. प्रत्येक वेळी पाच-सहा सेकंदच फिरवायचं. तेल दोन तृतीयांश गेलं की मिक्सरचा आवाज जड होतो आणि मिश्रण पात्याभोवती फिरायचं थांबतं. सॉस धरला. उरलेलं तेल चमच्यानं खाली ढकलत घाला. लिंबू सगळ्यात शेवटी, कारण सुरुवातीलाच घातलं तर दूध नासून कणी पडते. शेवटी घातलं तर उलट सॉस आणखी घट्ट होतो.

फाटायची कारणं दोनच. तेल एकदम ओतणं, किंवा भांडं तापणं. चटणीचं भांडं लवकर तापतं. बुडाला हात लावून बघा, कोमट लागलं तर झाकणासकट दहा मिनिटं फ्रिजमध्ये.

शाहूपुरी_किचन
वरची कृती बरोबर, पण लसूण दुधाबरोबर फिरवायला माझा विरोध आहे. पाकळी चिरली-ठेचली की त्यातल्या एन्झाइममुळं तिखट द्रव्य तयार होतं, आणि जितकी बारीक तितकं जास्त. आंबट लागलं की ते एन्झाइम मंदावतं. म्हणून लसूण खलबत्त्यात मीठ आणि सगळ्या लिंबाच्या रसासकट ठेचा, पाच मिनिटं ठेवा, गाळणीतून दाबून काढा आणि तो रस तयार सॉसमध्ये शेवटी मिसळा. चव लसणाची येते, जीभ भाजत नाही, आणि चोथाही दाताखाली येत नाही.

लहान मुलांसाठी असेल तर सोललेल्या पाकळ्या उकळत्या पाण्यात एक मिनिट टाकून मग ठेचा. जुन्या लसणात मधे हिरवा कोंब असतो, तो उभी चीर देऊन काढाच. कडू लागतो.

राजारामपुरीकर
दोघांचेही आभार. समजा फाटलाच, तर टाकून द्यायचा? आणि यात कांदा-लसूण मसाला घातला तर?

तांबडापांढरा
टाकू नका. भांडं धुऊन कोरडं करा, त्यात दोन मोठे चमचे गार दूध घ्या आणि फाटलेला सॉस हेच तेल आहे असं समजून चमच्या-चमच्यानं घालत फिरवा. लिंबू आधीच पडलं असेल तर थोडी कणी राहील, चवीत फरक नाही. नुसता पातळ झाला असेल, फाटला नसेल, तर आणखी दोन चमचे तेल. दूध वाढवलं तर अजून पातळ होईल.

मसाला चालतो, पाव छोटा चमचा, चाळून. नाहीतर खोबऱ्या-धण्याची भरड लागते. मसाल्यात मीठ असतंच, सॉसचं कमी करा.

रंकाळा_कट्टा
टिकण्याचं राहिलं. काचेच्या कोरड्या बरणीत, फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस. ओट्यावर ठेवायचा नाही, थंडीतसुद्धा. सुकी लसूण-खोबऱ्याची चटणी बाहेर राहते कारण तिच्यात पाणी नसतं. इथं दूध आहे, आणि तेलात बुडालेल्या कच्च्या लसणाला हवा लागत नाही. अशा जागी बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात, आणि वास-रंग बदलेलच असं नाही. म्हणून वास घेऊन ठरवू नका, तारीख लिहून चिकटवा. फ्रीझरमध्ये मात्र घालू नका, वितळताना फाटतो.

डब्यासाठी सँडविच असेल तर पावाला आधी लोणी, त्यावर सॉस, मग काकडी-टोमॅटो. काकडीला मीठ आधी लावलं तर पाणी सुटून पाव भिजतो. आणि दुपारपर्यंत बाहेर राहणाऱ्या डब्यात उन्हाळ्यात हा सॉस देऊच नका, तिथं पुदिन्याची चटणी बरी.