टॉवर दुसऱ्याचा, सिम स्वस्त: मुंबईत असं चालेल का?

गिरगावची_मीनल
मामेभाऊ न्यू जर्सीला असतो, तो मिंट मोबाईल वापरतो. त्या कंपनीचा स्वतःचा एकही टॉवर नाही, सगळं टी-मोबाईल या तिकडच्या मोठ्या कंपनीच्या नेटवर्कवर, म्हणजे घाऊक भावात डेटा नि मिनिटं घ्यायची आणि आपल्या नावाचं सिम विकायचं, टॉवरचा खर्च नाही म्हणून स्वस्त पडतं. आपल्याकडे का नको? आईला फक्त आलेला फोन उचलायचा असतो, तरी वर्षानुवर्षं डेटासकट रिचार्ज मारला, तो डेटा तिने कधी वापरलाच नाही. जुलै 2024 ला तिन्ही खाजगी कंपन्यांनी पाठोपाठ भाव वाढवले, माणसाने जायचं कुठे?

कुर्ला_स्लो
मीनलताई, पोटभाडेकरूला चाळीतल्या नळावर पाणी कधी मिळतं? मालकाचं भरून झाल्यावर. इथेही तेच. अमेरिकेत अशा बऱ्याच स्वस्त प्लॅनवर टॉवरला गर्दी झाली की मोठ्या कंपनीच्या स्वतःच्या गिऱ्हाइकाचा डेटा आधी जातो, तुमचा मागनं. तिकडे गर्दी कधीतरी होते हो, आपल्याकडे दादरच्या पुलावर संध्याकाळी साडेसहाला रोजच असते! मी महागडा प्लॅन घेऊनसुद्धा तिकडे यूपीआयचं चक्र फिरत बसतं, परवा वडापाववाल्यासमोर पाच मिनिटं उभा होतो. स्वस्तवाल्याचं काय होईल सांगा.

गिरगावची_मीनल
पण आईला दादरच्या पुलावर व्हिडिओ बघायचाच नाहीये! ज्याला चालेल त्याने घ्यावं, तुम्ही महागडं ठेवा, अडवतंय कोण?

ठाणे_टेलिकॉम
थोडं सांगतो, याच धंद्यात आहे. परवानगी कधीचीच आहे. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, 2015 ला शिफारस केली, दूरसंचार खात्याने 2016 ला नियम काढले. बीएसएनएलच्या नेटवर्कवर एरोव्हॉइस नावाची सेवा तामिळनाडूत सुरू पण झालेली. अडतं कुठे, तर मोठ्या कंपनीने नेटवर्क द्यायलाच पाहिजे अशी सक्ती नाही, घाऊक दर दोघांनी आपसात ठरवायचा. आता आपलंच गिऱ्हाईक फोडणाऱ्याला कोण स्वस्तात देईल? त्यात 2016 ला जिओ आल्यावर भाव इतके पडले की मधल्या माणसाला सुटायला काही उरलंच नाही.

कुर्ला_स्लो
आणि जम बसलाच तर मालकच विकत घेतो. अमेरिकेतली अशीच ट्रॅकफोन 2021 ला व्हेरायझन या मोठ्या कंपनीने घेतली, तुमच्या भावाची मिंट 2024 ला टी-मोबाईलनेच. मग स्पर्धा कसली राहिली? त्यापेक्षा ट्रायने डिसेंबर 2024 ला नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक ठेवायला लावले ते बरं, आईसाठी तेच बघा.

गिरगावची_मीनल
तो पॅक बघितलाय, आईला तोच मारणार आता. पण दादा, त्याचा भाव पुन्हा त्याच कंपन्या ठरवणार ना? सक्ती करायचीच तर घाऊक दराची करा. बाजारभावाने, कुणाचं नुकसान न करता, पण नेटवर्क द्यायला नाही म्हणता येणार नाही अशी.

ठाणे_टेलिकॉम
सक्ती केली तर टॉवरवर पैसा घालायला मोठ्या कंपन्या हात आखडता घेतील ही भीती खोटी नाही. तरी मी मीनलताईंच्या बाजूने, निदान कॉल नि एसएमएसपुरती सक्ती करून बघावी, त्याने टॉवरवर फारसा भार येत नाही.

कुर्ला_स्लो
कॉलपुरतं असेल तर माझी हरकत नाही. डेटाला मात्र नाहीच.